पायांना ठाऊक असलेली उंची

मालवणच्या किनाऱ्यावर सकाळचा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. त्याला मतलई म्हणतात. रात्रभर निवलेल्या जमिनीवरची थंड, जड हवा पाण्याकडे सरकत असते, माडांच्या झावळ्या पश्चिमेकडे वळलेल्या असतात आणि किनाऱ्यालगतची लाट इतकी लहान होते की पुळणीवर फुटताना तिचा आवाजही येत नाही. कॅमेऱ्याचा ड्रोन उडवायला ही वेळ सगळ्यात देखणी. फसवीही हीच. जाताना यंत्राला वाऱ्याची साथ असते. ते न दमता दर्यावर निघून जातं, बॅटरीचा आकडा सावकाश उतरतो आणि अजून पुष्कळ शिल्लक आहे असं वाटत राहतं. परतताना तोच वारा तोंडावर येतो. यंत्र पुढे झुकून झगडू लागतं, पडद्यावरचा वेगाचा आकडा खाली येतो आणि किनारा जवळ यायचं नाव घेत नाही. दुपारी खारे वारे सुटले की सगळं उलटं: जाताना कष्ट, येताना सुख.

हे गणित इथं फार जुनं आहे. शिडाच्या होड्या होत्या तेव्हा माणूस पहाटे मतलईवर बाहेर पडायचा आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर घरी यायचा. उपग्रहांशी बोलणारं, पोटात जायरोस्कोप घेऊन आलेलं यंत्रसुद्धा या किनाऱ्यावर शेवटी शिडाच्याच वेळापत्रकाला लागतं, याचा मला फार आनंद होतो. सकाळच्या उड्डाणात मी अर्ध्याहून जास्त बॅटरी परतीसाठी राखून ठेवते. पाण्याला अगदी लागून उडवत नाही, कारण यंत्राच्या पोटाखालचे सेन्सर हलत्या लाटांवर गोंधळतात, आपण किती उंचीवर आहोत ते त्यांना नीट कळेनासं होतं. होडीतून उडवायचं तर आणखी सांभाळावं लागतं. जिथून उडालं ती जागा ड्रोन घर म्हणून लक्षात ठेवतो; होडी मात्र तोवर प्रवाहाबरोबर सरकलेली असते. आपोआप परत बोलावलं तर तो इमानानं त्या जुन्या जागी, उघड्या पाण्यावर उतरू लागतो. म्हणून होडीवर त्याला स्वतः चालवतच आणावं लागतं आणि हातात झेलावं लागतं. खारी हवा मोटरींत शिरते, तेव्हा घरी आल्यावर तो पुसून कोरडा करून ठेवायचा. एवढं केलं की हे लहानसं यंत्र मालवणच्या हवेत टिकतं.

आणि मग ते जे दाखवतं, त्यासाठी हा सगळा खटाटोप.

देवबाग चालत पाहिलं तर लांबलचक गाव वाटतं. मालवणाकडून तारकर्ली ओलांडून दक्षिणेला जावं, रस्त्याच्या दोन्ही अंगांना माड, चिरेबंदी कुंपणं, खळी, न्याहारी-निवासाच्या पाट्या. उजवीकडे समुद्राची गाज ऐकू येत असते, डावीकडे दोन घरांच्या फटीतून कर्लीच्या खाडीचं पाणी मधूनच चमकतं. पण दोन्ही पाणी एका वेळी डोळ्यांत मावत नाहीत. ड्रोन वर गेला की मावतात. सह्याद्रीच्या बाजूनं आलेली कर्ली समुद्राच्या अगदी जवळ पोचते आणि तिथं त्याला मिळत नाही. ती दक्षिणेला वळते, किनाऱ्याला समांतर चालत राहते आणि देवबागच्या टोकाला जाऊन मगच समुद्रात उतरते. तिच्या आणि समुद्राच्या मध्ये जी वाळू उरली, तिच्यावर हे गाव वसलेलं आहे. पातळाच्या काठाएवढी पट्टी, आणि त्या काठावर घरं, शाळा, देवळं, माड, माणसं.

पश्चिमेच्या कडेला काळ्या दगडांची एक ओळ दिसते. तो धूपप्रतिबंधक बंधारा. दर पावसाळ्यात समुद्र इथं जमीन मागत येतो. 2021च्या मे महिन्यात तौक्ते वादळ या किनाऱ्याला घासून वर गेलं तेव्हा मालवण तालुक्यात घरांची छपरं उडाली, माड पडले, विजेचे खांब आडवे झाले. त्या वादळानंतर मी ही पट्टी पडद्यावर नुसती सुंदर म्हणून बघू शकलेली नाही. पर्यटनाच्या चित्रफितींत देवबाग दिसतं ते बहुतेक वेळा तिरक्या कोनातून, क्षितिजासकट, मागे संगीत लावून. त्या कोनातून पट्टी रुंद भासते. कॅमेरा सरळ खाली वळवावा, दोन्ही पाणी चौकटीच्या दोन कडांना घ्यावीत आणि काही वेळ काहीही न हलवता थांबावं, म्हणजे ती किती अरुंद आहे ते कळतं. मला वाटतं देवबागचं खरं चित्र ते. संगमाजवळची वाळूची पुळण, जिला आता सगळे त्सुनामी आयलंड म्हणतात, ती तर दर हंगामात वेगळ्या आकाराची असते. भरतीला बहुतेक बुडते आणि सुकतीला पुन्हा वर येते. वेगवेगळ्या वर्षांच्या फिती शेजारी लावल्या की वाळूचं हे येणंजाणं उघड दिसतं.

देवबागच्या माणसांना मात्र यातलं काही नवीन नसतं. कोणत्या पावसाळ्यात माडांची कोणती ओळ गेली, कुणाची विहीर खारट झाली, बंधाऱ्याचा कुठला दगड खचला, हे त्यांना तारीखवार सांगता येतं. पावसाळी रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या एका कानाला समुद्र आणि दुसऱ्या कानाला खाडी ऐकत ते वाढलेले आहेत. मी उंचावरून जी अरुंद पट्टी पाहिली, ती त्यांनी आयुष्यभर पायांखाली मोजलेली आहे. या किनाऱ्यावर ड्रोन उडवताना मला पुन्हा पुन्हा हेच भेटत आलं आहे. वरून दिसणारं जे जे थक्क करतं, ते घडवणाऱ्या आणि जगणाऱ्या माणसांना जमिनीवरूनच कळलेलं होतं.

आकाशातून बघायची माणसाची हौस तशी जुनी. 1858मध्ये फ्रेंच छायाचित्रकार नादार यानं पॅरिसजवळ फुग्यातून पहिलं हवाई छायाचित्र घेतलं. ते आज उरलेलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युलिउस नॉयब्रोनर नावाच्या जर्मन औषधविक्रेत्यानं कबुतरांच्या छातीवर छोटे कॅमेरे बांधून चित्रं घेतली. आपल्याकडे हे काम अनेक वर्षं हेलिकॉप्टरवर अवलंबून होतं. नौदलात काम केलेले गोपाळ बोधे हेलिकॉप्टरमधून महाराष्ट्राचे किल्ले, किनारे आणि दीपगृहं टिपत राहिले; 2014मध्ये ते गेले. उद्धव ठाकरे यांचं ‘महाराष्ट्र देशा’ हे हवाई छायाचित्रांचं पुस्तक 2010मध्ये आलं आणि पायथ्यापासून माथ्यापर्यंत कितीदा तरी चढलेल्या किल्ल्यांची बाह्यरेषा अनेक मराठी घरांनी पहिल्यांदा पाहिली. त्या पानांवर मीही तासन् तास बसले आहे. तेव्हा त्या उंचीवर जायला विमानदलाची नाही तर सरकारची, नाही तर पुष्कळ पैशांची मदत लागायची. आज अडीचशे ग्रॅमच्या आतलं, तळहातावर मावणारं यंत्र ते काम करतं.

ते अडीचशे ग्रॅम कायद्यातून आले आहेत. ऑगस्ट 2021च्या ड्रोन नियमांत तिथपर्यंतच्या ड्रोनला नॅनो म्हटलं आहे आणि तो उडवायला पायलटचा परवाना लागत नाही. इतर देशांतही ही मर्यादा महत्त्वाची असल्यामुळे कंपन्या 249 ग्रॅमवर येऊन थांबतात. त्याआधी 2014पासून चार वर्षं सामान्य माणसाला आपल्या देशात ड्रोन उडवण्याची वाट जवळपास बंदच होती. आता हिरवा, पिवळा, लाल असा आकाशाचा नकाशा आहे. हिरव्या भागात 400 फुटांपर्यंत जाता येतं, विमानतळापासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंत, आणि त्याहून जवळ गेलं की आधी परवानगी. हे सिंधुदुर्गात नुसतं कागदावरचं नाही. 9 ऑक्टोबर 2021 रोजी चिपीचा विमानतळ सुरू झाला, आणि चिपीचं पठार कर्लीच्या मुखापासून लांब नाही. देवबागची जी चित्रं मी वर सांगितली ती हातात परवानगी घेऊन, ठरवून दिलेल्या उंचीत राहून केलेली आहेत. ड्रोन नजरेच्या टप्प्यात ठेवावा हाही नियम, आणि तो मला मनापासून पटतो. आपण जिथं उभे आहोत तिथून जे दिसत नाही, तिथं आपला कॅमेरा एकटा पाठवणं मला बरं वाटत नाही.

सिंधुदुर्ग किल्ल्यावर उडवायला पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी लागते. एका माहितीपटाच्या कामासाठी ती मिळाली होती आणि ड्रोन माझ्या हातात होता.

मालवणच्या बंदरावरून होडीनं निघालं की किल्ला म्हणजे आधी नुसती भिंत. काळी, लांब, पाण्यातूनच उगवलेली. दरवाजा दिसत नाही. होडी जवळ जाते, खडकांना वळसे घेते, तरी दरवाजा दिसत नाही. पायउतार होऊन तटाच्या कुशीत शिरल्यावर एकदम समोर येतो. लहानपणापासून मी हे अनुभवलं होतं आणि त्याचं नवल संपलं नव्हतं. त्या दिवशी ड्रोन ईशान्येकडून वर गेला आणि ती रचना एका क्षणात उलगडली. दोन बुरूज एकमेकांना वळसा घालतात, आणि आत येणाऱ्याची वाट त्या दोघांच्या मधून वळून जाते. बाहेरून तोफेला दरवाजा सापडत नाही, आणि दाराशी आलेला शत्रू तीन बाजूंनी तटावरच्या माणसांच्या हातात असतो. मग ड्रोन पुढे गेला आणि तटाची सगळी रेषा उलगडत गेली. ती कुठंही सरळ चालत नाही. कुरटे बेटाचा खडक जिथं आत गेला तिथं भिंत आत जाते, जिथं बाहेर आला तिथं बाहेर येते, आणि मधे मधे बुरूज असे बसवलेले की एका बुरजाच्या पायाशी दुसऱ्या बुरजावरून नजर पोचावी. सुमारे तीन किलोमीटरची ही भिंत 48 एकरांना कवेत घेते.

25 नोव्हेंबर 1664 रोजी शिवाजी महाराजांच्या हस्ते या किल्ल्याचा पाया घातला गेला. किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्यावर पूजा झाली. पायात शिसं ओतलं गेलं, आणि तीन वर्षांत भरती-ओहोटीच्या मधल्या उघड्या तासांत काम करत करत हा तट उभा राहिला. बांधकामाशी हिरोजी इंदुलकर हे नाव जोडलेलं आहे. माझ्या पडद्यावर त्या तटाची संपूर्ण रेषा होती आणि मला एकच विचार सुचत होता: हे ज्यानं आखलं त्यानं हे असं कधीच पाहिलं नाही. बेटाची पूर्ण आकृती दिसेल एवढा उंच डोंगर जवळ नाही. मनोऱ्यावर चढावं तर मनोराच अजून बांधायचा होता. सुकतीला उघड्या पडलेल्या खडकांवरून चालून, होडीतून बेटाला फेऱ्या मारून, लाट कुठून येते ते बघून, आणि मग डोळे मिटून त्यानं ही आकृती वरून पाहिली असणार. ती चुकली नाही. साडेतीनशे वर्षं समुद्र तिच्यावर आदळतो आहे. 11 जुलै 2025 रोजी मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून सिंधुदुर्ग जागतिक वारशात गेला तेव्हा मला आनंद झाला तो त्या डोळे मिटून पाहणाऱ्या माणसासाठी, आणि ज्या अनाम हातांनी ओल्या खडकावर दगड बसवले त्यांच्यासाठी.

किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन विहिरी आहेत. चारी बाजूंना खारं पाणी आणि आत गोडं. ड्रोनमधून त्या तीन काळसर ठिपक्यांएवढ्या दिसतात. त्या पाण्याची चव आकाशातून कळायला मार्ग नाही. त्यासाठी खाली येऊन ओंजळ भरावी लागते. चित्रीकरण संपल्यावर आम्ही ती भरली.

वरून थक्क करणारी अशीच आणखी एक जागा मालवण तालुक्यातच, पण समुद्रापासून आत, कुडोपीच्या सड्यावर आहे. गावातले लोक तिला बाहुल्यांचं टेंब म्हणतात. जांभ्या दगडाचा उघडा माळ, उन्हाळ्यात तापून लालभडक, पावसाळ्यानंतर तिथं बारीक फुलं येतात. त्या कातळावर फार जुन्या काळातल्या माणसांनी आकृत्या कोरून ठेवल्या आहेत. 2022मध्ये कोकणातल्या कातळशिल्पांचा समावेश युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत झाला, त्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या सात जागा, गोव्यातलं फणसायमाळ आणि सिंधुदुर्गातलं एकटं कुडोपी आहे.

कातळशिल्पं वरून टिपणं म्हणजे उजेडाची वाट बघणं. रेषा जांभ्यात उथळ खोदलेल्या असतात, आणि डोक्यावर सूर्य असला की त्यांत सावलीच पडत नाही, सगळा माळ सपाट दिसतो. सूर्य क्षितिजापासून थोडाच वर असेल तेवढा अर्धापाऊण तास मिळतो. उन्हाचा झोत आडवा येतो, खाचेच्या एका कडेला सावली धरतो, आणि पायांखाली नुसत्या भेगा वाटत होत्या त्या जुळून मानवाकृती होतात. खाली उभं राहून एक आकृती पुरी बघायला तिच्याभोवती फिरावं लागतं. फिरताना आधीची बाजू सुटते. वरून ती एकसंध दिसते. राजापूर तालुक्यात कशेळीला तर सुमारे अठरा मीटर लांबीचा हत्ती आहे, आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांचे किती तरी आकार भरलेले आहेत. तो हत्ती उभ्या माणसाच्या नजरेत पूर्ण येतच नाही.

कुणासाठी कोरलं असेल हे? आकाशातल्या कुणाला दिसावं म्हणून, असं काही लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. ज्यानं कोरलं त्यानं हत्तीचा पाय कुठं संपतो आणि सोंड कुठं वळते हे पावलांनी मोजलं असेल. गुडघे टेकून दिवसचे दिवस तो त्या रेषेवरून सरकत गेला असेल. रेषा त्याच्या अंगात होती. ती बघण्यासाठी त्याला अंतर नको होतं. माझा ड्रोन तीस मीटर वर जाऊन जे मिळवतो ते त्याच्याजवळ गुडघ्यांत आणि मनगटात होतं, आणि हे मनात आलं की त्या माळावर पडद्याकडे बघवत नाही, मी रिमोट बाजूला ठेवते आणि एखाद्या रेषेवरून बोट फिरवत बसते.

कुठं उडवू नये हेही या किनाऱ्यानं शिकवलं. हिवाळ्यात वाळूच्या पुळणींवर कुरव उतरलेले असतात, लांबचा प्रवास करून आलेले. ड्रोन खाली गेला की सगळा थवा उठतो, आणि तो देखावा पडद्यावर विलक्षण दिसतो. पण त्या पक्ष्यांनी विश्रांतीसाठी निवडलेली जागा आपण हिरावलेली असते. असा देखावा मला नको. समुद्रगरुडाचं घरटं असलेल्या उंच झाडाच्या आसपास तर यंत्र सुरूच करू नये. घारी मात्र स्वतःहून येतात. त्यांचं आकाश आहे, त्या विचारायला येणारच. घार दोनदा फेरी घालून जवळ आली की मी ड्रोन उतरवते आणि त्या दिवसाचं काम तिथंच थांबवते.

घरांचंही तसंच. आमच्याकडे खळं म्हणजे घरापुढचं अंगण, घराची उघडी खोलीच. तिथं बाया मासे सुकवतात, केस वाळवतात, म्हातारी माणसं पाय पसरून बसतात, तान्ही मुलं तेलानं माखून उन्हात ठेवलेली असतात. रस्त्यावरून जाणारा माणूस कुंपणाशी थांबून हाक मारतो, मगच आत बघतो. वरून येणाऱ्या कॅमेऱ्याला कुंपण नसतं आणि हाकही मारता येत नाही. सुट्टीच्या दिवसांत किनाऱ्यावरच्या घरांवर गुणगुण सुरू झाली की बाया पदर सावरून आत जातात, हे मी पाहिलं आहे आणि मला त्याचा राग येतो. वाडीवर उडवायचं असेल तर आधी घरोघर जाऊन सांगायला हवं. चहा होतो, ओळखी निघतात, वेळ जातो. तो वेळ चित्रीकरणाचाच भाग आहे असं मी मानते.

तळाशीलच्या रापणकारांशी ओळख अशीच झाली. तोंडवळी-तळाशील हीसुद्धा देवबागच्याच जातीची पट्टी, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कालावलची खाडी. या पुळणीवर रापण लागते. होडी जाळं घेऊन पाण्यात शिरते, दोराचं एक टोक किनाऱ्यावरच्या माणसांच्या हाती असतं. होडी अर्धवर्तुळ घेत जाळं सोडत जाते आणि दुसरं टोक घेऊन लांबवर पुन्हा किनाऱ्याला लागते. मग दोन्ही टोकांना माणसांच्या दोन रांगा उभ्या राहतात आणि ओढायला लागतात. म्हातारे, पोरं, मुंबईहून सुट्टीला आलेले, सगळे. ओढता ओढता दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकत येतात, आणि शेवटी मधली पिशवी पुळणीवर येते. बांगडे, तारल्या, पेडवे, नशिबात असेल ते. मग वाटे पडतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, दोराला हात लावलेल्या प्रत्येकाचा वाटा.

वरून रापण बघणं हे माझ्या या सगळ्या कामातलं सर्वात मोठं सुख आहे. भिंगावर पोलरायझर चढवला की पाण्यावरची चकाकी जाते आणि जाळ्याची कमान हिरव्या पाण्यात पुरी दिसते. दोन दोर, दोन रांगा, आत कोंडला जाणारा पाण्याचा तुकडा, त्यावर घिरट्या घालणारे पक्षी. एका बाजूनं जोर जास्त झाला की कमान कलते, दुसऱ्या अंगाला फट पडते, आणि मासा तिथून निसटतो. हे सगळं माझ्या हातातल्या लहानशा पडद्यावर दिसत असतं.

एका सकाळी कमान कलायला लागलेली मी पाहिली, आणि सांगावं की सांगू नये असा विचार करेपर्यंत आबांची हाक आली होती. “वायच थांबा रे! उत्तरेचे थांबा!” आबा म्हणजे त्या रापणीतले सगळ्यांत म्हातारे. गुडघाभर पाण्यात उभे होते. तिथून त्यांना जाळ्याची कमान दिसणं शक्यच नव्हतं. दिसत होता तो दोराचा कल, तरंगत्या बोयांची ओळ, आणि हाताला लागत होती पाण्यातली ओढ. उत्तरेची रांग थांबली, दक्षिणेची पुढे सरकली, आणि पडद्यावर कमान पुन्हा सारखी झाली. मी नंतर हे त्यांना सांगितलं तर ते हसले. “चेडवा, वरसून तुका दिसता, ता आमका हयसूनच कळता.”

रापणीला आता पूर्वीसारखे दिवस नाहीत. मोठ्या पर्ससीन जाळ्यांनी थवेच्या थवे किनाऱ्यापासून दूरच उचलले जातात. त्या विरोधात मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली; 2016मध्ये राज्य सरकारनं पर्ससीनवर बंधनं घातली. जानेवारी 2025पासून बेकायदा मासेमारीवर नजर ठेवायला मत्स्यव्यवसाय खात्यानं किनाऱ्यावर ड्रोनची गस्त सुरू केली आहे. माझ्या हातात आहे त्याच कुळातलं यंत्र, फक्त मोठं. त्या गस्तीनं होडीवाल्यांच्या पदरात काही पडावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तळाशीलची तरुण पोरं मला वेगळंच विचारतात. ताई, थवा कुठं आहे ते वरून बघून सांगशील? स्वच्छ पाण्यात बांगड्याचा थवा वरून काळसर डागासारखा दिसतो, हे खरं आहे. मी पुष्कळ दिवस यावर विचार केला. रापणीच्या दोराला लांबीची मर्यादा आहे. ती किनाऱ्याला बांधलेली असते आणि आलेल्या माशातलाच घास घेते. तिला डोळे दिले तर समुद्राचं फारसं बिघडत नाही. पण एकदा ही युक्ती पुळणीवर रुजली की ती पुळणीवर राहणार नाही. हाच डोळा पर्ससीनच्या बोटीला मिळाला तर काय उरेल? आबांना विचारलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, थवा बघायचं काम पोरांच्या डोळ्यांचं आहे, तेही गेलं तर त्यांच्याजवळ राहणार काय? मी थवा सांगत नाही.

आबांना मात्र फीत हवी होती. फोनवर त्यांनी ती पाहिली, मागे नेऊन पुन्हा पाहिली, आणि जाड बोट पडद्यावर टेकवत म्हणाले, “हय बघ, हयसर दोर ढिलो पडलो.” मला तोवर ते दिसलं नव्हतं. नातू गोव्यात कामाला आहे, त्याच्या मोबाइलवर पाठव, असं त्यांनी सांगितलं. गणपतीला आला की त्याला एकेक जागा दाखवतो. पुढच्या हंगामात, नारळी पौर्णिमेनंतर दर्या निवळला की, एक आख्खी रापण होडी सुटल्यापासून वाटे पडेपर्यंत वरून घ्यायची असं आमचं ठरलं आहे. एका बॅटरीत ती मावत नाही. बॅटरी बदलायला ड्रोन खाली येईल तेवढ्या मिनिटांत पाण्यात काय झालं ते आबा सांगणार आहेत, आणि मी ते लिहून घेणार आहे.